टॉवेलाखालचा हात

सदामामा गेले त्या दिवशी भोरला बाजार होता. दवाखान्याच्या खिडकीतून भाजीवाल्यांचा ओरडा ऐकू येत होता. मामांना तो आवडला नसता. भाव ही ओरडून सांगायची गोष्ट नव्हे, असं त्यांचं मत होतं.

मामा म्हणजे आईचे भाऊ, किकवीचे. आयुष्यभर त्यांनी बैलबाजारात दलाली केली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघं टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून मोल करतात. बघणाऱ्याला फक्त टॉवेल हलताना दिसतो. मामांनी ही पद्धत बैलांपुरती ठेवली नाही. "तोंड मिटा, हात द्या," म्हणत ते खांद्यावरचा टॉवेल न्हाव्यापुढे धरत, रिक्षावाल्यापुढे धरत. एसटीचा कंडक्टर हात जोडायचा. "मामा, तिकिटाचं मोल होत नसतंय!"

एकदा भोरच्या बाजारात वांगी घेताना त्यांनी टॉवेल पुढे केला. भाजीवाली म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आरं बाबा, वांगी घ्यायचीत का सोयरीक जुळवायचीय?" मामा लाजले. वांगी तिने सांगितलेल्या भावाने घेतली.

पुढे शेतात यंत्रं आली, बैल कमी झाले, दलाली संपली. मामी त्याआधीच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मामा दर कार्तिकात पुण्याहून रेल्वे धरून राजस्थानात जाऊ लागले, वाळवंटातल्या उंटांच्या बाजाराला.

"मामा, उंट काय भातखाचरात घालणार?"

"घ्यायचाय कुणाला? मोल करून येतो."

"आणि तिथली भाषा?"

"बोटं कुठंबी पाचच असत्यात. तू चल की एकदा, शिकवतो."

मी वाचनालयात नोकरीला. रजा नाही, म्हणायचो. गेल्या कार्तिकात त्यांचे गुडघे फारच दुखू लागले, तेव्हा सोबत जावं लागलं.

मामा वाळूत एका फेटेवाल्या म्हाताऱ्यासमोर बसले आणि टॉवेल पसरला. शेजारी उंट रवंथ करत होता. म्हातारा मान हलवी, मामा हसत, पुन्हा बोटं. चहा आला, तो दोघं डाव्या हाताने प्यायले. मी कंटाळून पुस्तक काढलं. बऱ्याच वेळाने म्हाताऱ्याला कुणीतरी हाक मारली आणि तो उठून गेला.

"जमलं का?" मी विचारलं.

"जमू कशाला द्यायचं?" मामा टॉवेलावरची वाळू झटकत म्हणाले. "जमलं की हात सोडाया लागतो."

परतीच्या गाडीत ते म्हणाले, "आन हात, बोटं दावतो." मी म्हटलं, घरी गेल्यावर.

दवाखान्यात त्या सकाळी मामांना बोलता येत नव्हतं. उजवा हात उशाशी चाचपडत होता. तिथला टॉवेल मी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. त्यांनी माझी दोन बोटं दाबली. काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी त्यांची तीन दाबली. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी चार दाबली. पुन्हा नाही. नर्स दोनदा येऊन गेली. बाहेर बाजार उठायच्या सुमारास त्यांची बोटं थांबली. आमचं जमलं नव्हतं.

टॉवेल आता वाचनालयात माझ्या खुर्चीच्या पाठीवर असतो. बोटांचं मोल मला अजून येत नाही.