मावशींची ट्रंक आणि शेजाऱ्याची पिपाणी

"घराची झडती घ्यायचीय," दारात उभ्या फौजदारानं सांगितलं. मावशी पलंगावर बसल्या होत्या. त्यांनी चादरीची कड हळूच खाली ओढून पलंगाखालची पत्र्याची ट्रंक झाकली आणि विचारलं, "वॉरंट?"

फौजदाराच्या मागे शेजारचे बँडमास्तर मान ताठ करून उभे होते. त्यांचा ट्रम्पेट दोन दिवसांपासून बेपत्ता होता. "ही पिपाणी एक दिवस मी नाहीशी करणार," असं मावशींनी मागच्याच आठवड्यात जिन्यात उभं राहून, दहा बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा बेतानं बजावलं होतं. संशय घ्यायला आणखी काय लागतं?

"वॉरंट कशाला, आजी? पाच मिनिटांचं तर काम."

"आजी तुझ्या घरी! कोर्टाच्या मागच्या खिडकीत तीस वर्षं चहा विकलाय मी. शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळे मावशी म्हणतात. चहा उकळेपर्यंत वकील जे बोलायचे, ते सगळं या कानांत साठलंय. न्यायाधीशापुढे उभं राहायचं, शपथेवर सांगायचं की कुणावर संशय आहे आणि का. त्यांना पटलं तर सही. सही नाही तर पाऊल आत नाही."

फौजदार नवीन होता. गेला बिचारा.

पिपाणीला मावशींनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. भानगड ट्रंकेत होती. त्यांची सून शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. चार महिन्यांपूर्वी तिच्या पिशवीतून वर्गाचं वाचनाचं पुस्तक नाहीसं झालं, आणि मुख्याध्यापिकेनं तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. घरभर शोधाशोध झाली. तीत सर्वांत मोठा आवाज मावशींचा होता. "वस्तू जपायला नको का गं?" पुस्तक ट्रंकेत, तळाशी. शेजारी एक वही. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईनं साठी उलटल्यावर, दार लावून, त्या वहीत अक्षरं गिरवायला घेतली होती. सुनेला "मला शिकव" म्हणायचं? त्यापेक्षा मावशींनी पुन्हा अंगठाच पुढे केला असता.

दुपारी फौजदार सहीचा कागद घेऊन आला.

"काय शोधणार म्हणून लिहिलंय?" मावशींनी विचारलं.

"चोरीचा माल."

"कसला माल? हत्ती की टाचणी? वस्तू नीट लिहून आण. उद्या पिपाणीच्या नावाखाली माझ्या डाळीचे डबे उपसशील."

सून हळूच म्हणाली, "आई, घेऊ देत ना झडती. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

"तू गप्प बस. कायद्याचा प्रश्न आहे."

फौजदारानं कपाळाचा घाम पुसला आणि पुन्हा कोर्ट गाठलं. तोवर जिन्यात गर्दी जमली होती. खालच्या शिंप्यानं तर मशीन बंद करून खुर्चीच आणली.

संध्याकाळी चार वाजता दुसरा कागद आला. न्यायाधीशाची सही, शपथ, संशयाचं कारण, ट्रम्पेटचं वर्णन, तोंडाशी आलेल्या पोच्यासकट. "आता?" फौजदार म्हणाला आणि थेट पलंगाकडे वळला. सून चादर उचलायला वाकली.

मावशींनी कागद हिसकावला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कुठंतरी काहीतरी राहिलं असणारच. कोर्टातल्या कारकुनाला त्या तीस वर्षं ओळखत होत्या.

"झ... डती... घे... चे... घर..." बोट ओळीवरून सरकत होतं. जोडाक्षरांचा धडा अजून व्हायचा होता, ती आली की मावशी त्यांना वळसा घालून पुढे जात. "क... हे जाऊ दे... बारा." त्या थांबल्या. मग परत मागे गेल्या. "बारा! निळा... दर... वाजा!"

मावशींचं घर अकरा. दरवाजा हिरवा.

तोच कागद पुन्हा करून वैतागलेल्या कारकुनानं तक्रारदाराचाच पत्ता झडतीच्या जागेवर उतरवला होता. फौजदारानं कागद घेतला, वाचला, आणि बाहेर येऊन तो जिन्याच्या कठड्याला टेकला.

"न्यायाधीशांनी जे घर लिहिलं तिथंच जायचं," मावशी गरजल्या. "का चौथी फेरी मारतोस?"

"माझ्या घरात काय सापडणार, कपाळ?" बँडमास्तर ओरडले. "या, बघा खुशाल! दार उघडंच आहे!"

फौजदारालाही कुठलं तरी घर आज संपवायचंच होतं. सगळा जिना बारा नंबरात लोटला. बँडमास्तरांची बायको धान्याच्या पिंपावर बसली होती, ती काही केल्या उठेना. उठवली, पिंपात हात घातला, तर कोपरापर्यंत गव्हात आणि त्याखाली ट्रम्पेट, पोच्यासकट.

"एकवीस वर्षं," ती माउली म्हणाली, "एकवीस वर्षं रोज पहाटे पाचला माझ्या कानाशी!"

शिंप्यानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. बँडमास्तर खाली बघत पुटपुटले, "मावशी, चुकलं." मावशी लढाई जिंकल्यासारख्या छाती काढून घरी परतल्या.

घरात सून पलंगापाशी उभी होती.

"आई, तुम्ही वाचलंत?"

"छे! बारा हा आकडा येतो मला. चहाच्या कपांवर शिकले."

"आकडा नव्हता. अक्षरात लिहिलं होतं. मी पण बघितला कागद." सुनेनं चादरीची कड उचलली. "उघडा बघू ट्रंक."

"वॉरंट आहे?"

सुनेनं शांतपणे आपल्या शाळेच्या वहीचं पान फाडलं, लिहिलं आणि पुढे धरलं. मावशींनी बोट ठेवून, जोडाक्षरांना वळसा घालत वाचलं. जागा: पलंगाखालची ट्रंक. वस्तू: पहिलीचं पुस्तक, एक. कारण: सासूबाई वाचायला लागल्या.

एकही चूक सापडेना.

"सही कुठाय न्यायाधीशाची?" मावशींनी पान उलटून पाहिलं.

सुनेनं पेन पुढे केलं. "या घरात न्यायाधीश कोण?"

मावशींनी पेन घेतलं. नावात मध्येच एक जोडाक्षर होतं. तिथं त्या अडल्या, तर सुनेनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि ते वळण काढून दिलं. पुढचं अक्षर मावशींनी तिचा हात झटकून स्वतः काढलं.

मग सून ट्रंकेकडे वाकली.

"थांब," मावशी म्हणाल्या. "सही वाळू दे आधी."