रघुअण्णांची चार घड्याळं

आमचे शेजारी रघुअण्णा दोन्ही मनगटांवर मिळून चार घड्याळं घालतात आणि वेळ मला विचारतात.

ती घड्याळं वेळेसाठी नाहीतच. माणूस चालतोय, जेवतोय की पडलाय, हे घड्याळांनी हालचालीवरून ओळखायचं. त्यांना ते शिकवणं, ही अण्णांची इंदिरानगरातल्या कंपनीतली नोकरी. शिकवायचं म्हणजे आधी स्वतः करायचं आणि मोठ्याने सांगायचं. "नोंद, दात घासणं." "नोंद, डोसा उलटणं." चामराजपेटेतल्या आमच्या भिंती बोटभर जाडीच्या, त्यामुळे अण्णांची दिनचर्या मला तोंडपाठ आहे.

रविवारी पडण्याचा सराव. गादीवर चाळीस वेळा धडाधड पडतात. "पुढे पडणं अजून स्वल्प कच्चं आहे," असं मला गंभीरपणे सांगतात. एवढा शिकलेला माणूस पडायचा पगार घेतो. आम्ही आपले जन्मभर फुकट पडलो.

त्यांच्या आईच्या हातातही एक घड्याळ आहे. दोन वर्षांपूर्वी त्या न्हाणीघरात घसरल्या आणि अण्णा संध्याकाळी घरी येईपर्यंत तिथेच पडून होत्या. तेव्हापासून ते बांधलंय. त्याला पडणं कळलं की अण्णांचा फोन बोंबलतो. आता आई रोज अकराला देवापुढे गुडघे टेकून डोकं जमिनीला लावतात. घड्याळ लगेच कळवतं, आई पडली. तेही भर मीटिंगमध्ये. मग अण्णांचा घरी फोन.

"आई, काय करतेस?"

"नमस्कार."

"सरी," अण्णा म्हणतात, कानडीतलं "ठीक आहे".

रोज हेच. शेवटी मी म्हटलं, "अहो, त्याला नमस्कार शिकवा की."

"बाकी सगळ्या घड्याळांना येतो. आईच्या घड्याळाला मुद्दाम नाही शिकवला. उद्या ती देवापुढेच पडली, तर नमस्कार समजून गप्प बसेल ते."

धन्य आहे, मी मनात म्हटलं.

परवा साडेअकराला अण्णा रिक्षातून उतरून धावतच माझ्या दारात आले. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते.

"किल्ली द्या, माझी ऑफिसातच राहिली. आज आई पडली नाही हो. फोनही उचलत नाही."

मी हसणार होतो. पण ते किल्ली उलटीच कुलपात खुपसत होते. मला माझीच लाज वाटली. दार मीच उघडलं.

आई देवापुढे हात जोडून खुर्चीवर बसल्या होत्या. फोन आत स्वयंपाकघरात राहिलेला. "गुडघे धरलेत आज," त्या म्हणाल्या. "बसूनच केला नमस्कार."

अण्णा उंबऱ्यातच मटकन खाली बसले. त्यांच्या हातांवरची चारही घड्याळं एकदम ओरडायला लागली, माणूस पडला म्हणून.

आईंनी वळून पाहिलं. "रघू, काय करतोयस?"

अण्णांनी सवयीने नोंद सांगायला तोंड उघडलं.

"काही नाही गं," ते म्हणाले. "बसलोय."

"सरी," आई म्हणाल्या.