ब्लॉग वाचून आलेल्यांना दार

तोंडभर स्तुती केली तर माणूस निदान कॉफी तरी पाजतो. आमच्या ऑफिसातले रघुत्तम राव स्तुती करणाऱ्याला दार दाखवतात.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि एकदा नव्हे, दर आठवड्याला. कोणीतरी अशील घाम पुसत चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या ऑफिसचा जिना चढून येतो. काखेत कागदांची पिशवी. "सर, तुमचा ब्लॉग वाचला. भाडेकरूंचा कायदा इतका सोपा करून कुणी सांगितलाच नव्हता. माझी केस तुम्हीच घ्या!" रावांचा चेहरा खर्रकन उतरतो.

"ब्लॉग वाचून आलात?"

"हो सर, अगदी पहिल्यापासून सगळा."

"मग मला नाही घेता येणार."

आणि मग माझ्या टेबलाकडे वळून, तमिळ सोडून त्यांच्या तंजावरी मराठीत, "अक्का, हें तुम्ही बघा. कां म्हटलें तर, वकिलानें जाहिरात करूं नये असा नियम."

बिचारा अशील गोंधळून माझ्यासमोर येऊन बसतो. बसतो, पण मान मागे वळवून रावांकडेच बघत असतो. मुलगी बघायला गेलेल्या घरी थोरली आवडावी आणि धाकटी पदरात पडावी, तसं त्याचं तोंड होतं. सांगा, कुठल्या वकिलाला हे गोड लागेल?

मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बदली इथल्या मोटारींच्या कारखान्यात झाली, म्हणून मीही काळा कोट बॅगेत घालून चेन्नईला आले. आमचे सीनियर तमिळ, मोठे नावाजलेले, स्वभावाने फणस. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं ज्युनियर. राव माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, तरी मला 'अक्का' म्हणतात. इथे कुठल्याही बाईला म्हणतात, हे मला कळतं. पण आपल्यापेक्षा पिकलेल्या केसांच्या माणसाने 'ताई' म्हणून हाक मारली की कुणाचंही डोकं फिरेल.

त्यांचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिकडे गेलेलं. मराठी त्यांची अशी, की पहिला महिनाभर मी नुसती मान डोलवत होते. "काय करूंलालांत, अक्का?" म्हणजे काय करताय. 'अस्के' म्हणजे सगळे. "अस्के लोक ब्लॉग वाचतांत," असं ते म्हणाले तेव्हा मला वाटलं, अस्के नावाचं कुणी कुटुंब असेल आणि तेवढंच वाचत असेल. मला बरं वाटलं होतं.

पण छे! खरंच अस्के वाचतात. लॉ कॉलेजची पोरं वाचतात, अड्यारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी वाचतात, गिंडीचे छोटे कारखानदार वाचतात. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी राव खालच्या मेसमध्ये एक कॉफी मागवतात, ती तशीच गार होऊ देतात आणि कालचा एखादा निकाल घेऊन पाऊण तासात सोप्या इंग्रजीत लिहून काढतात. नाव नाही, फोटो नाही, फोन नंबर नाही. शेवटी सूचना मात्र एवढी लांबलचक, की तिच्यापुढे निकाल आखूड वाटावा: हा सल्ला नव्हे, ही जाहिरात नव्हे, हे वाचून आमच्याकडे येऊ नये. लोक ती वाचतात आणि कुणाकुणाला विचारून नाव-पत्ता काढून येतात.

मीही ब्लॉग काढला होता. खोटं कशाला सांगू, त्यांचा बघूनच काढला. सोळा लेख लिहिले. एकच वाचक, माझा नवरा, आणि तोही मी शेजारी बसून "आता खाली सरकव" म्हटलं की वाचायचा. सोळाव्या लेखाला तो घोरायला लागला, तेव्हा मी दुकान बंद केलं.

एकदा तर कहर झाला. हायकोर्टात मी एका मुद्द्यावर चाळीस मिनिटं बोलत होते. घसा कोरडा, गळ्यातला पांढरा बँड घामाने चिकटलेला. न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "काउन्सेल, हाच मुद्दा एका ब्लॉगवर चार ओळींत आहे. तुम्ही वाचता का तो?" आख्खं कोर्ट हसलं. मागच्या बाकावर राव बसलेले. ते मात्र हसले नाहीत, खाली मान घालून बुटांकडे बघत राहिले. मला वाटलं, बघा, विनयाचंसुद्धा नाटक करतात. घरी जाऊन मी नवऱ्याला एवढं ऐकवलं की त्याने ताटावरून उठून बाल्कनी गाठली.

हो, राव कायम मागच्या बाकावर. माझी केस असली की हमखास. मला वाटायचं, माझ्या चुका टिपायला बसतात आणि उद्या त्यावर लेख पाडतात.

मग आलं शिंपीणबाईंचं अपील. अड्यारला एका बाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान. तीस वर्षं त्याच जागेत, आणि मालकाला आता ती जागा हवी. खालच्या दोन कोर्टांत बाई हरलेल्या. हे शेवटचं. केस आमच्या सीनियरांची, पण फाइल आठ महिने माझ्या उशाशी. एकेक कागद मला तोंडपाठ. सुनावणी चार दिवसांवर आली आणि सीनियर छातीत दुखतं म्हणून हॉस्पिटलात. आम्ही दोघं भेटायला गेलो. मनातल्या मनात मी मांडे खात होते: आता म्हणतील, तू उभी राहा.

सीनियर उशीला टेकून म्हणाले, "राव आर्ग्यू करेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ महिने राबले मी, आणि आरतीचं ताट यांच्या हातात! का, तर ब्लॉग आहे. रावांकडे पाहिलं तर ते खिडकीच्या गजाला धरून उभे. आभारसुद्धा मानले नाहीत. शिष्ट मेला, असं मी मनात म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले.

रात्रभर विचार करून मी एक युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये रावांच्या समोर जाऊन बसले आणि साळसूदपणे म्हणाले, "राव, एक सांगायचं राहिलंच. त्या शिंपीणबाईंची मुलगी आहे ना, ती तुमचा ब्लॉग वाचते. तो वाचूनच ते लोक आपल्याकडे आले म्हणे."

धादांत खोटं. मुलीला मी ब्लॉगबद्दल चकार शब्द विचारला नव्हता.

मला वाटलं होतं, ते हळहळतील, वाद घालतील, निदान कॉफी ढवळत बसतील. रावांनी सुस्कारा टाकला. पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसे त्यांचे खांदे खाली आले. "मग मला नाहीं चालत, अक्का," ते म्हणाले. "तुम्हीच उभ्या राहा. नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी ती कॉफी चक्क प्यायली. मी जिंकले होते, पण ते एवढे खूश का, हे मला कळेना.

कळलं ते संध्याकाळी. सीनियरांना फोन करून मी, अगदी नाइलाज झाल्याच्या सुरात, हकिगत सांगितली. त्यांनी ती मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. मग म्हणाले, "ब्लॉग वाचून आलेली केस घेऊ नये, असा नियम कुठल्या पुस्तकात आहे, मला दाखव. जाहिरात करू नये, एवढंच आहे. बाकीचं त्याने बनवलंय. सात वर्षांत तो एकदाही कोर्टात उभा राहिलेला नाही. चार वर्षं शेजारी बसतेस, तुझ्या लक्षात आलं नाही?"

नव्हतं आलं. मी त्यांचे वाचक मोजत होते.

सीनियरांनीच मग सांगितलं. सात वर्षांपूर्वी राव एका म्हाताऱ्या छापखानेवाल्याच्या बाजूने उभे होते. न्यायमूर्तींनी साधा एक प्रश्न विचारला. रावांना उत्तर ठाऊक होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. न्यायमूर्ती थांबले, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबले. आवाज फुटलाच नाही. केस गेली, म्हाताऱ्याचा छापखाना गेला. त्याच दिवशी घरी जाऊन रावांनी ते उत्तर सोप्या शब्दांत लिहून काढलं आणि इंटरनेटवर टाकलं. तो त्यांच्या ब्लॉगवरचा पहिला लेख.

"ही केस मी मुद्दाम त्याला दिली होती," सीनियर म्हणाले. "मी आडवा पडलोय, तर नाही म्हणणार नाही, असं वाटलं होतं. बरं, आता तू तयारी कर."

मी फोन ठेवला आणि जेवायला बसले. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला तर गिळवेना.

सुनावणीला मी उभी राहिले. आता मागे फिरणं शिंपीणबाईंना महागात पडलं असतं. राव मागच्या बाकावरून या वेळी पुढे, माझ्या पाठीशी येऊन बसले. न्यायमूर्तींनी काही विचारायच्या आत हवा तो कागद माझ्या हातात येत होता. मधेच एकदा वळून पाहिलं, तर त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शब्द न् शब्द.

अपील मंजूर झालं. शिंपीणबाई रडल्या आणि त्या भरात माझ्या हातात स्वतःची सुताच्या रिळांची पिशवीच देऊन बसल्या, मग हसून परत घेतली.

कोर्टाच्या कँटीनमध्ये आम्ही दोघंच होतो. माझ्याच्याने राहवेना. "राव, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या मुलीने तुमचा ब्लॉग कधी वाचलेला नाही. मला तुमचा हेवा वाटत होता. चार वर्षं वाटतोय."

"ठावकें होतें," राव म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"त्या मुलीला इंग्रजी वाचतां येत नाहीं, अक्का. तिच्या आईचा अस्का अर्ज मीच तिला तमिळमध्ये वाचून दाखवला होता." त्यांनी वड्याचा तुकडा सांबारात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "मला कोणी तरी कारण द्यायला पाहिजे होतें. तुम्ही दिलांत." मग खाली बघून म्हणाले, "आणि हेव्याचें म्हणाल, तर तुमच्या अस्क्या केसेसना मी मागें कां बसतों? तुम्हाला मधेच खोकला येतो, शब्द चुकतात, न्यायमूर्ती हसतात. तरी तुम्ही बोलतच राहतां. तें कसें करतां, तें बघायला."

मी माझा वडा त्यांच्या ताटलीत सरकवला. कोर्टात चाळीस मिनिटं बोलणारी बाई मी!

पुढच्या आठवड्यात माझ्या एका फुटकळ केसची तारीख होती. पक्षकार आजारी, पुढची तारीख मागायची, बस्स. एका वाक्याचं काम. पुकारा व्हायच्या आधी मी फाइल रावांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मला बाहेर एक फोन आहे. हे तेवढं बघा." ते काही म्हणायच्या आत बाहेर सटकले आणि दाराच्या फटीतून बघत राहिले.

पुकारा झाला. राव उठले. गाऊन खांद्यावरून घसरला, तो सावरला. एक क्षण गेला. दुसरा गेला. न्यायमूर्तींनी मान वर केली. मी दाराची कडी इतकी घट्ट धरली की हाताला वळ उठला.

"माय लॉर्ड," राव म्हणाले, "पक्षकार आजारी आहे. दोन आठवड्यांची मुदत मिळावी."

"दिली," न्यायमूर्ती म्हणाले. आणि पुढची फाइल उघडता उघडता, "काउन्सेल, आवाज छान आहे तुमचा. याआधी कधी ऐकला नाही."

राव कठड्याला धरून तसेच उभे. बसायचं विसरले होते. शेजारच्या वकिलाने कोट ओढून त्यांना खाली बसवलं.

मी बाहेर डोळे पुसत होते. पण खरं तेच सांगते. चार वर्षं झाली मी त्या न्यायमूर्तींपुढे घसा फोडतेय. माझ्या आवाजाबद्दल ते कधी एक शब्द बोललेले नाहीत.