समजा, तसं न्हाय

चहा घेणार का, असं विचारलं तर आमच्या शेजारचे आबा कधीच ‘हो’ म्हणत नसत.

“समजा, मला चहा नको हाय,” म्हणत ते एक बोट वर करत. “मग मी तुझ्या बाकड्यावर कशापायी बसलोय? विसंगती! आण चहा.”

बारामतीच्या एस.टी. स्टँडवरचा चहावाला वैतागायचा. “मास्तर, सरळ व्हय म्हना की!”

“सरळ कुणीबी म्हणतंय. सिद्ध करून घ्यावं!”

आबा भूमितीचे निवृत्त मास्तर. पुण्याच्या इंग्रजी शाळेत मी प्रमेयं घडाघडा पाठ केली होती. कळलं काहीच नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर आबांनी अंगणातल्या मातीत काठीनं त्रिकोणच काढला.

“समजा, ह्यात दोन काटकोन हायेत. मग त्या दोघांनीच एकशेऐंशी अंशांचं समदं ताट फस्त केलं! तिसऱ्याला शून्य! शून्याचा कोन असतोय व्हय त्रिकोणात? न्हाय. म्हणून दोन काटकोन न्हाईत!”

मी चारचौघांत मोठ्यानं हसत नाही. त्या दिवशी चक्क टाळी वाजवली!

एक चूक मात्र त्यांना अजिबात खपत नसे. “गाडी आली तर धूळ उडती, खरं. पर धूळ उडाली म्हणून गाडी आली, असं म्हणायचं न्हाय! म्हशीबी धूळ उडवत्यात.” हे रोज माझ्याकडून घोकून घेत.

पाडव्याला ते मला स्टँडवर घेऊन गेले. त्यांची लेक कुसुम इंदापूरला दिलेली. तिला पुढं शिकायचं होतं. आबांनी लग्न उरकून टाकलं. तीन दिवाळ्या ती माहेरी फिरकली नव्हती. यंदा त्यांनी स्वतः जाऊन बोलावणं केलं होतं. आबांच्या मांडीवर तिच्यासाठी पेरूंची पिशवी होती.

इंदापूरच्या दोन गाड्या आल्या, रिकाम्या झाल्या.

“समजा, कुसुम येणार न्हाय,” आबांचं बोट वर झालं. “मग...”

चहा निवला.

“पोरी, तू सांग. विसंगती कुठं हाय?”

मी वाकून रस्त्याकडं बघितलं.

इतक्यात इंदापूरच्या रस्त्यावर धूळ उठली. आबा ताडकन उभे राहिले, टोपी सारखी केली.

“धूळ! पोरी, धूळ उडाली! गाडी आली बघ!”

मला म्हशींच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. मी पेरूंची पिशवी उचलली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.