इतिहासाच्या टेबलावर झुंबड

"शाळेत जा, आणि तिला ऑफिसकाम विषयाच्या टेबलावर बसवूनच परत या," आई म्हणाली. "ती डोळ्यांत पाणी आणेल. तुम्ही विरघळू नका. घरं पाडता आणि पोरीसमोर स्वतःच कोसळता!"

बापाचा धंदा पाडकामाचा. जुनी घरं घण घालून जमीनदोस्त करायची आणि त्यातून निघालेली दारं-खिडक्या रस्त्याच्या कडेला उभी करून विकायची. पोरगी लहानपणापासून त्याच्या मागं मागं कामावर जायची. पाडायच्या भिंतीवर कुणाच्या तरी लेकराची उंची मोजून मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा दिसल्या की विचारायची, "बाबा, हे पोर कुठं गेलं?" बाप घण उचलत म्हणायचा, "मोठं झालं असेल. तू बाजूला हो." मग ही घरं कुणी बांधली, ती माणसं का गेली, त्यांना कुणी घालवलं, असं ती संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं खायची. घरात तिला सगळे 'चौकशी' म्हणत. तिला शाळेत इतिहास आणि समाजशास्त्र घ्यायचं होतं. दुसरं काहीही नको होतं.

पुढच्या दोन वर्षांचे विषय निवडायचा तो दिवस होता. हॉलमध्ये प्रत्येक विषयाचं टेबल, टेबलावर पाटी, पाटीमागे शिक्षक. विज्ञानाची रांग दाराबाहेर जिन्यापर्यंत गेली होती. इतिहासाचं टेबल होतं कोपऱ्यात, मोडक्या बाकांच्या ढिगाला टेकून. तिथं इतिहासाचे सर बसले होते, आणि पालक त्यांच्याकडे सकाळपासून एकच प्रश्न घेऊन येत होते, संडास कुठं आहे? सर दर वेळी उठून दाखवून येत होते.

टेबलासमोर चौकशी एकटीच बसली होती.

"चल," बाप म्हणाला.

"नाही."

"आईनं सांगितलंय."

"आईचं कळलं. तुम्हाला काय वाटतं?"

बापाला काय वाटतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो गडबडला. शर्टावरची चुन्याची धूळ उगाच झटकत राहिला.

"भांडू नका," सर हळूच म्हणाले. "त्याचा काही उपयोग नाही. संध्याकाळपर्यंत वीस मुलं आली नाहीत तर वर्गच बंद होणार. मोठ्या बाईंनी तसं सांगितलंय."

"आणि आली किती?"

सरांनी चौकशीकडे बोट दाखवलं.

"मग तुमचं काय होणार, सर?" तिनं विचारलं. तिला विचारल्याशिवाय राहवतच नव्हतं.

"मला बसच्या रांगेवर उभं करणार आहेत. शिट्टी देणार आहेत म्हणे." सर हसायला गेले, पण हसू काही नीट आलं नाही.

पोरीचे डोळे भरले. आवाज नाही, काही नाही, नुसतं पाणी. आणि आई म्हणाली होती तेच झालं. बाप कोसळला.

बापाला शाळेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण न खपणारा माल कळत होता. एखादी खिडक्यांची जोडी आठवडाभर रस्त्याला उभी असते, कुत्रं विचारत नाही. तिच्यावर खडूनं फुली मारायची आणि 'ही गेली' म्हणायचं. तासाभरात चार गिऱ्हाइकं तिच्यासाठी भांडायला लागतात. बापानं सरांच्या पुढ्यातला खडू उचलला आणि इतिहासाच्या पाटीवर भलीमोठी फुली मारून खाली लिहिलं, भरला.

"अहो, हे काय करताय?" सर घाबरले.

"सर, तुम्ही इतिहास शिकवा. माल कसा खपतो ते मला शिकवू नका."

पहिली आली डॉक्टरीणबाई. विज्ञानाची रांग सोडून, मुलाचं मनगट धरून. "भरला? एवढ्यात?"

"मला काय माहीत, बाई," बाप म्हणाला. "मोठ्या लोकांनी आतल्या आत जागा धरून ठेवल्यात म्हणतात."

"मग आम्ही कोण, लहान?"

एवढं पुरलं. बाई मागं वळून हे एका वकिलाला बोलली, वकील फोनवर भावाला बोलला. बघता बघता विज्ञानाची रांग मधोमध तुटली आणि माणसं इतिहासाच्या टेबलावर येऊन आदळली. साहेबलोक सगळे याच विषयातून होतात, असं कुणीतरी म्हणालं. परदेशात याला फार मान आहे, असं दुसरा म्हणाला.

"पण मला इतिहास नकोय," डॉक्टरीणबाईचा मुलगा पुटपुटला.

"तुला काय कळतं! भरलाय तो!"

सरांना हे सहन झालं नाही. बिचारा सरळ माणूस. ते खुर्चीवर चढून ओरडले, "अहो, ऐका! जागा आहेत! सगळा वर्ग रिकामा आहे!"

"बघा, बघा, कसे कटवतायत!" वकील गरजला. "आम्हाला काय खुळे समजलात?"

गर्दी दुप्पट चेकाळली. खोटं कसं पसरतं आणि माणसं त्यामागं का धावतात, हे ज्या विषयात शिकवतात त्या विषयासाठी शिकली-सवरलेली माणसं एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. त्यातल्या एकालाही त्याची लाज वाटली नाही. अशांना लाज वाटत नाही, म्हणून तर ती रांगेत कायम पुढं असतात.

गलका ऐकून मोठ्या बाई आल्या. त्यांनी डोक्यांवरून नजर फिरवली आणि चेहरा उजळला. "छान! इतिहासाचा वर्ग होणार!"

बापानं पोरीच्या पाठीवर थाप मारली. "बघ! झाला की नाही?" आख्ख्या दिवसात चौकशी तेवढीच एकदा हसली.

"मात्र बाकं मोजकी आहेत," मोठ्या बाई पुढं म्हणाल्या. "तेव्हा गुणांप्रमाणे घेऊ. जास्त गुणांची मुलं पुढं या."

चौकशी गणितात जेमतेम पास झालेली. तिला कुणी ढकललं असंही नाही, ती आपोआपच मागं मागं जात मोडक्या बाकांना जाऊन टेकली.

"बाई, पण मी पहिली आले होते," ती तिथून म्हणाली.

"कशात?" मोठ्या बाईंनी अगदी मनापासून विचारलं.

बाप पुढं घुसला. "बाई, चूक माझी आहे. ती फुली मी मारली. वर्ग रिकामाच होता, मी खोटं बोललो. या लोकांना इतिहासाशी काही देणंघेणं नाही. हिला हवाय हो, हिला एकटीला हवाय!"

डॉक्टरीणबाई हसली. "वा! आपल्याला माघारी धाडून पोरीला आत घुसवायचा बेत दिसतोय."

"भारीच पोचलेला माणूस आहे," वकील कौतुकानं म्हणाला. एकही जण जागचा हलला नाही.

"हे खरं सांगतायत, बाई," सर म्हणाले. "ही मुलगी सकाळपासून एकटी..."

"सर, तुमचा वर्ग वाचलाय," मोठ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता बसा."

सरांनी चौकशीकडे पाहिलं. मग शिट्टी आठवली असेल, घर आठवलं असेल. बसणाऱ्याकडे कारण असतंच. ते बसले, आणि भरलेल्या वर्गाची नावं मान खाली घालून लिहू लागले.

ऑफिसकामाचं टेबल आता रिकामं पडलं होतं. तिथल्या बाई लांबूनच म्हणाल्या, "ये गं बाळ, इकडं जागाच जागा आहे."

बापलेक घरी आले. आईनं दार उघडलं, दोघांची तोंडं पाहिली आणि धसकली. "काय झालं? कुठं घातली तिला?"

"ऑफिसकाम," चौकशी म्हणाली.

"आणि इतिहास?"

"भरला. बाबांनी भरवला." तिनं फुलीपासून झुंबडीपर्यंत सगळं सांगितलं, एका सुरात, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं.

आई ऐकत गेली तशी तिची कळी खुलत गेली. शेवटी तिनं टाळीच वाजवली. "अगं बाई! मी नुसतं ऑफिसकामाला बसवून या म्हटलं, तर यांनी असं डोकं चालवलं! पोरीला नाही म्हणायला नको, रडारड नको, वर्गच भरवून टाकला! तुमच्यात एवढी हुशारी असेल असं वाटलं नव्हतं हो."

"तसं नाहीये," बाप म्हणाला.

"आता कशाला लाजताय?"

चौकशीनं मान वर केली. हॉलमध्ये ती ढिगाला टेकून उभी होती तेव्हा तिच्या डोळ्यांत राग होता. आता राग नव्हता, आणि बापाला त्याचीच भीती वाटली.

"पोरी, तुझी शपथ," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी केलं. तुला मिळावं म्हणून."

"हो, बाबा."

"अगं, खरंच. वर्ग बंद पडत होता, तू होतीस ना तिथं!"

एरवी तिनं दहा प्रश्न विचारले असते. खडू हातात घेताना काय मनात होतं? गुणांचं माहीत होतं का? आई घरून निघताना काय बोलली होती? बाप उत्तरं तयार ठेवून उभा होता. एकदा विचार, म्हणत होता मनात, एकदा तरी विचार.

तिनं पुढं होऊन त्याच्या खांद्यावरची चुन्याची धूळ हातानं पुसली.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. "माझ्या भल्यासाठीच केलं असेल."

आणि ती आत गेली.