मन्नानचाचा दिसतात

मन्नानचाचा पैसे मागत नसत. ते फक्त दिसत.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण आमच्या फंडाचं कर्ज ज्यांनी घेतलंय त्यांना विचारून बघा. फोनवर दम देणारे वसुलीवाले परवडले, असं सांगतील. आमचा एक कर्जदार इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, आणि फंडाला सोयीस्करपणे विसरला. स्वतःच्या वलिम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या जेवणाला, तो आइस्क्रीमच्या काउंटरपाशी मित्रांत खिदळत उभा होता. कुल्फी घेऊन वळला तर समोर मन्नानचाचा. पांढऱ्या भुवया, काळी शेरवानी, काखेत काळी छत्री.

"खैरियत?" चाचांनी विचारलं.

नवरदेवाच्या हातून कुल्फी नव्या जोड्यावर पडली. "हो चाचा... पुढच्या महिन्यात नक्की..."

"मी खैरियत विचारली गा. हप्ता कुठं विचारला?"

एवढं बोलून ते गर्दीत दिसेनासे झाले. नवरदेवानं नंतर चौकशी केली, तर त्यांना कोणी बोलावलंही नव्हतं आणि जेवताना कोणी पाहिलंही नव्हतं.

आमचा फंड म्हणजे नागपूरच्या मोमिनपुऱ्यात एका पुठ्ठ्याच्या गोदामावरची खोली. गरीब मुस्लिम मुलामुलींना शिकायला कर्जे-हसना द्यायचं, म्हणजे अल्लाच्या नावानं दिलेलं बिनव्याजी उसनं. शिकून कमवायला लागलं की जमेल तसं परत करायचं, म्हणजे ते पुढच्या पोराच्या कामी येतं. हे सगळं कमिटी बघायची. चाचा कमिटीत नव्हते. ते कशातच नव्हते. वीज मंडळातून मीटर रीडर म्हणून रिटायर झाले आणि एके दिवशी फंडाच्या खोलीत येऊन बसले, ते बसलेच.

मीटर रीडर होते म्हणून असेल, कोणाच्याही घरात न विचारता शिरायची त्यांना सवय होती. घरात आले की आधी मीटरकडे बघत, मग माणसांकडे. टायरच्या सोलच्या चपला वापरत, त्यामुळे पाऊल वाजत नसे. आणि गल्लीतली कुत्री त्यांच्यावर भुंकत नसत. "कुत्रं भुकत नाही म्हणजे माणूस चांगला असन," असं आमचे अध्यक्ष म्हणत. पण चाचा खोलीत आले की आपली खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून घेत.

माझी नि त्यांची ओळख मी अर्ज घेऊन गेले तेव्हाची. मी उमरेडकडच्या खेड्यातली, मराठी शाळेत शिकलेली. वडिलांचं पंक्चरचं दुकान. फिजिओथेरपीला नंबर लागला होता. कमिटीनं मार्क विचारले, उत्पन्न विचारलं. मग कोपऱ्यातून आवाज आला.

"बेटी, तुले भेव कशाचं वाटते?"

मी खरं ते सांगून टाकलं. "मेलेल्या माणसाचं. कॉलेजात प्रेतं फाडून शिकवतात म्हणे."

कमिटी हसली. चाचा हसले नाहीत. "मेलेल्याले काय भ्यायचं वं? तो बिचारा आपल्यालेच भिऊन राहते. त्याच्यापाशी गेली का पयले सलाम करत जाय."

पहिल्याच डिसेक्शनला मी सलाम केला आणि चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा मैत्रीण तोंडावर पाणी मारत होती. तिच्या खांद्यावरून खिडकीबाहेर मला काळी छत्री दिसली. उघडलेली, स्थिर. त्या दिवशी ना ऊन होतं ना पाऊस. मी उठून खिडकीशी जाईपर्यंत तिथं काही नव्हतं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, सकाळपासून बाहेरचा कोणी आत आलेला नाही.

पुढे चाचांना मी विचारलं. ते म्हणाले, "तू उठली होती ना? मग झालं."

त्यांची दुसरी एक गोष्ट मोमिनपुऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्याबद्दल लोक हळू आवाजात बोलत. आमच्यात मय्यतीच्या वेळी घरचे लोक पुकारा करतात: गेलेल्याकडे कोणाचं काही देणं असेल तर आम्हाला सांगा, नाहीतर माफ करा. देणं राहिलं तर त्याचा जीव अडकून राहतो, असं जुनी माणसं सांगतात. फंडाचा कोणी कर्जदार फेडायच्या आत वारला, तर कमिटी ते कर्ज माफ करते. पण चाचांचं तेवढ्यानं समाधान होत नसे. सगळे कब्रस्तानातून परतले की ते एकटे मागं राहत, ओल्या मातीवर वाकत आणि म्हणत, "बेटा, फंडाचं काही राहिलं नाही. ऐकू आलं ना?" मग कान देऊन उभे राहत. काही वेळा लगेच निघत. काही वेळा बराच वेळ लागे.

"उत्तर येतं का हो चाचा?" एकदा मी विचारलं होतं.

"काहीकाहीले सवय असते दोनदा सांगावं लागायची. जित्तेपणी बी असेच होते."

मी शिकले, धंतोलीतल्या एका दवाखान्यात लागले. कर्ज फिटलं, आणि कमिटीनं मलाच मेंबर करून घेतलं. त्यामुळं गेल्या उन्हाळ्यात कामठीहून तो निरोप आला तेव्हा चाचांसोबत मी गेले.

तौसीफ हा आमचा कर्जदार. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला होता. हायवेवर ट्रकनं उडवलं. आई खैरूनबी, घरात दुसरं कोणी नाही. फंडानं नियमाप्रमाणं कर्ज माफ केलं, पण त्या वेळी चाचा टायफॉइडनं पडून होते. कब्रीवर सांगायला कोणी गेलं नाही. आणि आता मोहल्ल्यातल्या लोकांनीच निरोप धाडला होता: काहीतरी करा, तौसीफ रोज दुपारी घरी येऊन राहिला. शेजारच्या बाईनं आपली लेकरं माहेरी पाठवून दिली आहेत.

"बाईमाणूस एकटी हाये. तू चाल संगं," चाचा म्हणाले.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. बाहेरच्यांना वाटतं भुतं रात्री फिरतात. नागपुरात रात्री कुठली जागा मिळणार त्यांना? रात्री आमचे लोक पानठेल्यावर असतात. भुतांना रस्ते मोकळे मिळतात ते नवतपातल्या दुपारी. दुकानांची शटरं अर्धी खाली, झाडाचं पान हलत नाही, आणि डांबर असं चकाकतं की लांबून येणारा माणूस गुडघ्यापर्यंत पाण्यात चालतोय असं वाटतं. चाचांनी शेरवानीच्या एका खिशात लू लागू नये म्हणून कांदा ठेवला होता, दुसऱ्या खिशात माझ्यासाठी आणखी एक. तो वास घेऊन आम्ही कामठीच्या त्या बोळात शिरलो.

बोळ लहान, दोन्हीकडची दारं बंद. घराघरांतून कूलरची घरघर. एका दाराची फट किंचित उघडली, आतून कोणीतरी आम्हाला पाहिलं आणि फट मिटली. शेवटचं घर खैरूनबीचं. पत्र्याचं छप्पर, जुनं लाकडी दार, त्याला लोखंडी कडी. ओट्याच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं.

खैरूनबी पन्नाशीची, बारीक, नीटनेटकी. माहेर मौद्याकडचं, बोलणं आमच्यासारखंच. तिनं पाणी दिलं. चटईवर एक ताट वाढून ठेवलेलं होतं. पोळी, वरण, कैरीची फोड. ते आमच्यासाठी नव्हतं, हे न सांगता कळत होतं.

चाचांनी आधी मीटरकडे पाहिलं, मग बाईकडे. "बहन, मी फंडाकडून आलो. तौसीफचं कर्ज माफ झालं. त्याच्यावर आता कोणाचं काही नाही."

मला वाटलं, ती रडेल. दुआ देईल. ती एकदम ताठ झाली.

"तुम्हाले कोण म्हणलं माफ करा म्हणून?"

चाचा गडबडले. त्यांना गडबडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. "अवं बहन, नियम हाये..."

"मले नोको तुमची माफी. मी फेडीन. धुणंभांडी करून फेडीन, थोडंथोडं. मरेपर्यंत पुरलं पाहिजे." तिचा आवाज खाली आला. "देणं हाये म्हणून तो येते. देणं गेलं तर कायले येईन?"

तेवढ्यात लाइट गेली. कूलर हळूहळू फिरत थांबला. बोळातले सगळे कूलर एकामागून एक थांबले आणि इतकी शांतता झाली की माझ्या कानात नुसता शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

आणि कडी वाजली.

जोरात नाही. सायकल ओट्याला टेकवून घरचा माणूस वाजवतो तशी, अर्धवट.

"आला," खैरूनबी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला मी आनंदच म्हणेन. दुसरा शब्द नाही.

मी विज्ञान शिकलेली बाई. लोखंड उन्हानं फुगतं, लाकूड आक्रसतं, हे मला माहीत आहे. मी ते मनात दोनदा म्हणूनही पाहिलं. पण जागेवरून उठायची माझी छाती झाली नाही. उठले ते चाचा. त्यांनी जाऊन दार उघडलं.

बाहेर पांढरं ऊन. बोळ रिकामा. चाचा दारातून बाजूला झाले, कोणाला आत येऊ द्यायचं असल्यासारखे. आणि ओट्यावरच्या कुत्र्यानं डोकं उचललं, रिकाम्या दारात माणसाच्या उंचीवर पाहिलं, आणि शेपटी हलवली.

मग चाचा बोळाकडे पाठ करून उंबऱ्यावरच बसले.

"मी बी हेच केलं होतं, बहन," ते म्हणाले.

त्यांना घरसंसार होता, हेच मला माहीत नव्हतं.

"माझी एकच पोट्टी. शिकायची लय हौस. तवा फंड नव्हता. मेरिटमधे नंबर लागला, फी भरता आली नाही, घरी बसली. त्या साली डेंगूनं गेली. मैत्रिणीच्या शादीत घालायले त्या मैत्रिणीच्याच बांगड्या उसन्या आणल्या होत्या तिनं. मय्यतीले ती मैत्रीण आली. म्हणे, चाचा, बांगड्या भेटल्या तर द्या, नाही तर मी माफ केलं. बांगड्या माह्या पेटीतच होत्या. मी म्हणलं, भेटून नाही राहिल्या. आन् माफ बी करू नोको, मी शोधतो."

"काहून?" खैरूनबीनं विचारलं. तिला माहीत होतं, तरी.

"अटकून राहू दे म्हणलं. इथंच राहू दे."

"आली?"

ती ज्या भुकेनं ते विचारत होती, ते मला ऐकवेना.

"आली. सपनात. उंबऱ्यापाशी उभी राहे. आत येता येत नव्हतं, जाता येत नव्हतं. एक दिवस म्हणे, अब्बा, पाय लय दुखून राहिले." चाचांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "सकाळी उठून बांगड्या नेऊन देल्या. मंग नाही आली."

"कधीच?"

"कधीच नाही."

बाहेर कुत्रं पुन्हा आडवं झालं.

"आम्ही फंडात व्याज घेत नाही, बहन. हराम हाये. पण लेकराले असं उन्हात उभं ठेवनं, हे व्याजच घेनं झालं. मी घेतलं. तुमी नोको घेऊ."

खैरूनबी ताटाकडे बघत राहिली. वरणावर साय धरली होती. मग ती उठली, भिंतीला हात टेकत दारापर्यंत गेली. चाचांनी सरकून वाट दिली. तिनं डोळ्यांवर आडवा हात धरला आणि त्या रिकाम्या बोळाला म्हणाली, "तौसीफ, जाय बापू. कोणाचं काही नाही राहिलं. माहं बी नाही. जाय, ऊन लय हाये."

मी वाट पाहत होते. कशाची, ते मलाही सांगता येणार नाही. काही झालं नाही. ऊन तसंच होतं. फक्त ती खाली बसली आणि रडली, मेलेल्या मुलासाठी रडतात तसं. शेजारचं दार उघडलं आणि ती शेजारीण, जिनं लेकरं माहेरी पाठवली होती, पदर सावरत धावत आली आणि तिच्याजवळ बसली.

बऱ्याच वेळानं खैरूनबीनं तोंड पुसलं. "पोरीचं नाव काय होतं, भाईजान?"

किती वर्षांत ते नाव चाचांनी उच्चारलं नव्हतं, कोण जाणे. त्यांनी छत्रीची मूठ घट्ट धरली.

"सफिया."

खैरूनबीनं दोन्ही हात दुआसाठी वर उचलले. शेजारणीनं उचलले, मीही उचलले. तिनं दोन्ही लेकरांसाठी मागितलं. सफियाचं नाव तिनं आधी घेतलं.