नानांकडची बाळंतीण

बदली होऊन जळगावला आलो, त्या दिवशी शेजारच्या ओट्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी आमचं सामान उतरवणाऱ्या हमालांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. म्हणाले, "गलबला करू नका. घरमा बाळंतीण शे."

आमची ही लगेच हळवी झाली. दोन दिवसांनी डिंकाचे लाडू घेऊन गेली. त्या गृहस्थांनी, म्हणजे नानांनी, डबा घेतला, एक लाडू स्वतःच्या तोंडात टाकला आणि हिला आतल्या खोलीत नेलं. तिथं बाज नव्हती, बाळंतीणही नव्हती. काचेच्या टाकीत एंजल माशांची जोडी होती. पाइपचा एक तुकडा आत उभा केला होता, त्याला बारीक अंडी चिकटलेली, आणि नवरा-बायको आळीपाळीनं परांनी त्यांना वारा घालत होती. ही घरी आली ती रिकामा डबा घेऊन आणि रुसून.

नाना पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे तुकड्यांना तोटा नव्हता. बायको कधीच गेलेली, एकुलती लेक सुमन धुळ्याला दिलेली. माशांनी अंडी घातली की घराला नियम लागत. चपला बाहेर, कुकरची शिट्टी बंद आणि टाकीवर बायकोचं जुनं लुगडं. कारण हा मासा भलता संशयी. दचकला की स्वतःचीच अंडी खाऊन टाकतो. पिल्लं पोहायला लागली की नाना टाकीला हळदकुंकू लावून पाचवी पुजत आणि गल्लीभर घुगऱ्या वाटत. गल्ली घुगऱ्या खाई आणि नानांना हसे. मीही त्यातलाच.

पण सुट्टीच्या दुपारी मी हळूच त्यांच्याकडे जाऊन बसायचो. लुगड्याची कड जराशी उचलून आम्ही दोघं आत बघायचो. हिरवट उजेड, संथ वर जाणारे बुडबुडे, ते दोन चंदेरी जीव. थोड्या वेळानं आपण टाकीच्या बाहेर आहोत की आत, हेच कळेनासं व्हायचं. नानांचा हातही नकळत वारा घातल्यासारखा हलत असायचा.

सुमनला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. नाना त्या आशेवर जगत होते म्हटलं तरी चालेल. आणि एक दिवस धुळ्याहून विहीणबाई घर बघायला आल्या, तेही नेमक्या टाकीत अंडी असताना. मी तिथंच होतो. चहाला हात न लावता त्यांनी सरळ विचारलं, "तुमना घरमा बाईमानूस नही. बाळंतपण कोन करी?"

नाना उठले, विहीणबाईंना टाकीपाशी घेऊन गेले आणि लुगडं ओढून काढलं. अंड्यांवरचं लुगडं त्यांनी असं कधीच काढलं नव्हतं.

मादी वर फिरत होती. खाली नर एकटाच वारा घालत होता.

"हाई माय शे, हाऊ बाप," नाना म्हणाले. "बाप बी करस, याहीणबाई."

विहीणबाई बघतच राहिल्या. चहा निवून गेला. मग पदर सावरत म्हणाल्या, "सातवा लागना का धाडसू तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाइप स्वच्छ होता. जोडीनं सगळी अंडी फस्त केली होती, त्या बापानंसुद्धा. नानांनी मला कोपऱ्यात घेऊन विहीणबाईंना यातलं काही न सांगण्याची शपथ घातली. मला हसू आलं, आणि हसता हसता भरूनही आलं.

दुपारी सहज डोकावलो. त्याच लुगड्याची झोळी छताच्या कडीला बांधली होती आणि नाना डोळे मिटून तिला झोके देऊन बघत होते. रिकामी झोळी हलवू नये म्हणतात. मी वाकून आत पाहिलं. टॉवेलात नीट गुंडाळलेला, पाइपचा तो तुकडा आत निजवला होता.

नानांनी डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. मी चपला हातात घेऊन परत आलो.